कमी जीपीए असताना अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलला अर्ज कधी करावा

अमेरिकेतल्या कॉलेजात तिसरे वर्ष निम्मे सरले की डॉक्टर व्हायचे ठरवलेल्या मुलामुलींसमोर आणि त्यांच्या आईवडिलांसमोर एक प्रश्न येऊन उभा राहतो, तो म्हणजे येत्या जूनमध्ये अर्ज भरायचा की आणखी एक-दोन वर्षे थांबायचे. ज्यांचा जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या गुणांची ४ पैकी सरासरी, ३.८ आहे आणि एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेचा अभ्यास वेळेवर चालला आहे, त्यांना हा प्रश्न फारसा छळत नाही. ज्यांचा जीपीए ३.२ किंवा २.९ आहे, त्यांनी मात्र अर्जाचे वर्ष चुकीचे निवडले तर त्याची झळ पुढच्या प्रयत्नालाही लागते, आणि योग्य निवडले तर पहिल्या दोन वर्षांतले तेच कमी गुण वेगळ्या नजरेने वाचले जातात.

मराठी घरांत या निर्णयावर एक जुने दडपण असते. बारावी, नीट आणि लगेच एमबीबीएस हा महाराष्ट्रातला क्रम पालकांच्या मनात इतका पक्का बसलेला असतो, की मध्ये एक वर्ष गेले म्हणजे ते वाया गेले, असे त्यांना मनापासून वाटते. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतरच मेडिकल स्कूल सुरू होते, आणि तिथे पहिल्या वर्षाला दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून बरेच अधिक विद्यार्थी पदवीनंतर किमान एक वर्ष बाहेर काम किंवा अभ्यास करून आलेले असतात. त्यामुळे थांबणे ही तिथे लाजेची गोष्ट नाही; पण नुसते थांबून काही साधतही नाही. कमी गुणांच्या विद्यार्थ्याने अर्ज तेव्हा करावा, जेव्हा त्याची सुधारणा गुणपत्रिकेवर उतरलेली असेल, आणि सुधारणा अजून व्हायची असेल तोवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते वर्ष कसे ओळखायचे, ते पुढे सविस्तर मांडले आहे.

आपले गुण खरोखर किती आहेत

पहिले काम म्हणजे कॉलेजच्या संकेतस्थळावर दिसणारा जीपीए बाजूला ठेवून अर्जाच्या यंत्रणेत दिसणार असलेला जीपीए काढणे. एमडी शाळांचे बहुतेक अर्ज ॲमकास या एकाच यंत्रणेतून जातात, ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओ ही डॉक्टरकीची दुसरी पदवी देणाऱ्या शाळांचे ॲकोमासमधून, आणि टेक्सासमधल्या बहुतेक शाळांचे टीएमडीएसएएसमधून. (अमेरिकेत एमडी ही वैद्यकाची पहिलीच पदवी आहे, भारतातल्यासारखी एमबीबीएसनंतरची नव्हे.) ॲमकास तुमच्या प्रत्येक कॉलेजची प्रत्येक गुणपत्रिका घेते आणि जीपीए स्वतःच्या पद्धतीने नव्याने मोजते. एखाद्या विषयात डी मिळाला, तो पुन्हा घेऊन ए मिळवला आणि कॉलेजने जुना डी पुसून टाकला, तरी ॲमकास दोन्ही श्रेणी धरते. ॲकोमासमध्ये पूर्वी पुन्हा घेतलेल्या विषयाची नवी श्रेणी जुनीच्या जागी बसत असे. ती सवलत २०१७ मध्ये संपली, पण अजूनही कुणी नातेवाईक किंवा सिनियर ती आहे असे समजून सल्ला देताना आढळतो. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजमध्ये घेतलेले विषयसुद्धा यात मोजले जातात, हे अनेकांच्या शेवटच्या क्षणी लक्षात येते.

एकूण जीपीएखेरीज जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र आणि गणित यांचा वेगळा जीपीए काढला जातो, त्याला बीसीपीएम म्हणतात. प्री-मेड, म्हणजे मेडिकलच्या तयारीतल्या विद्यार्थ्याचा हा आकडा एकूण आकड्यापेक्षा बऱ्याचदा कमी असतो, आणि मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीची नजर आधी तिथेच जाते. एक्सेलची एक साधी शीट करा, त्यात प्रत्येक विषय, क्रेडिट (म्हणजे त्या विषयाचे वजन), श्रेणी आणि सेमेस्टर भरा, आणि ॲमकासच्या मापाने (ए वजा म्हणजे ३.७, बी अधिक म्हणजे ३.३, बी वजा म्हणजे २.७, सी वजा म्हणजे १.७) दोन्ही आकडे काढा. टेक्सासची यंत्रणा अधिक-वजा धरत नाही; तिथे ए वजालाही पूर्ण ४ गुण मिळतात, पण बी अधिकला ३ च मिळतात. सी वजा आणि त्याखालच्या श्रेणींची वेगळी यादी करा, कारण आवश्यक विषयांत किमान सी हवी अशी अट पुष्कळ शाळा घालतात आणि ते विषय पुन्हा घ्यावेच लागतात.

आता तुलना. २०२४ मध्ये एमडी शाळांसाठी सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजार जण दाखल झाले. दाखल झालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या अगदी जवळ होता आणि एमकॅट ५१२ च्या जवळ. डीओ शाळांत ही सरासरी साधारण ३.६ आणि ५०४ च्या आसपास असते. एएएमसी ही मेडिकल स्कूलांची संघटना दरवर्षी जीपीए आणि एमकॅट यांचा एकत्र तक्ता प्रसिद्ध करते, तो ए-२३ या क्रमांकाने ओळखला जातो आणि फुकट पाहता येतो. तुमच्या जीपीएची ओळ आणि एमकॅटचा रकाना जिथे मिळतात तिथला टक्का पाहा, पण त्याला भविष्यवाणी समजू नका. त्या चौकोनात घसरत गेलेले आणि वर चढत आलेले, दोन्ही प्रकारचे विद्यार्थी एकत्र मोजलेले असतात.

समितीला दिसणारा तक्ता

ॲमकासचा अर्ज शाळेत उघडला जातो तेव्हा त्यात जीपीएचा एक छोटा तक्ता असतो. ओळींमध्ये पहिले वर्ष, दुसरे, तिसरे, चौथे, त्याखाली पदवीनंतर घेतलेले पदवीस्तरावरचे विषय, मग एकूण पदवी आणि शेवटी पदव्युत्तर अभ्यास असतो. रकान्यांमध्ये बीसीपीएम, इतर विषय आणि एकूण असते. म्हणजे वाचणाऱ्याला एकच आकडा दिसत नाही, चढउतारही दिसतो. अर्ज कधी करायचा हे ठरवताना आपला हा तक्ता त्या त्या वर्षी कसा दिसेल, ते कागदावर मांडून पाहणे हे सगळ्यांत उपयोगी काम आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवते.

समजा एका मुलीने दरवर्षी ३० क्रेडिट घेतले. पहिल्या वर्षी तिला २.६ मिळाले, दुसऱ्या वर्षी २.८, आणि तिसऱ्या वर्षी घडी बसून ३.४. तिसरे वर्ष संपताच जूनमध्ये अर्ज केला, तर एकूण आकडा २.९३ दिसतो आणि त्यात बरे म्हणावे असे एकच वर्ष असते. ती थांबली, चौथ्या वर्षी तिने ३.८ मिळवले आणि पदवी घेऊन अर्ज केला, तर आकडा ३.१५ होतो आणि सलग दोन चढती वर्षे दिसतात. त्यानंतर तिने आणखी एक वर्ष वरच्या पातळीचे विज्ञान विषय, म्हणजे बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, इम्युनॉलॉजी, सेल बायॉलॉजी अशांचे २४ क्रेडिट ३.९ ने पूर्ण केले, तर एकूण जीपीए ३.२८ च्या आसपास येतो. आकडा अजूनही सरासरीच्या पुष्कळ खाली आहे. पण आता तक्त्यात २.६, २.८, ३.४, ३.८, ३.९ अशी ओळ वाचता येते, आणि मेडिकल स्कूलचा अभ्यास हिला झेपेल का, या समितीच्या प्रश्नाला ८४ क्रेडिटांचे उत्तर मिळते.

याउलट पहिल्या वर्षी ३.६ आणि चौथ्या वर्षी २.७ अशा उतरत्या क्रमाने एकूण ३.१५ वर आलेल्या विद्यार्थ्याला तोच आकडा असूनही त्या जूनमध्ये अर्ज करण्यात अर्थ नाही. त्याला आधी घसरण थांबवावी लागेल, मग चढ दाखवावा लागेल, आणि याला दोन वर्षे लागतात असे धरूनच चालावे.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. क्रेडिट जितके अधिक साठले, तितका एकूण आकडा हलवणे कठीण होते. पदवी २.५ ने संपली असेल, तर त्यावर ६० क्रेडिट सरसकट ४.० ने घेतले तरी आकडा जेमतेम ३.० ला पोचतो. म्हणून आकडा अमुक इतका होईपर्यंत थांबायचे असे ध्येय ठेवू नये. शेवटचे सलग ३० क्रेडिट, त्यांतले बहुतेक विज्ञानाचे, ३.७ किंवा त्याहून वर गेलेले असावेत, हे ध्येय मी ठेवायला सांगते. आणि ते पूर्ण होईल त्याच्या पुढचा जून हा तुमचा जून.

गुण कमी का पडले, आणि ते कारण संपले का

इथे थोडे थांबून स्वतःशी प्रामाणिकपणे बोलायला हवे, कारण याच टप्प्यावर बहुतेक घरांत घाई होते. गुण कमी पडण्याची कारणे वेगवेगळी असतात. कुणी पहिल्या वर्षी घरापासून दूर गेल्यावर गोंधळले, कुणाच्या घरी आजारपण आले, कुणी आठवड्याला २५ तास काम करून फी भरत होते, कुणाला शाळेत पाठांतरावर जमून गेले आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीने पहिल्यांदा अभ्यासाची पद्धतच अपुरी असल्याचे दाखवून दिले. नैराश्य, चिंता किंवा एडीएचडी यांसारख्या गोष्टी मराठी घरांत अजूनही उशिरा ओळखल्या जातात, आणि निदान व्हायलाच दोन-तीन सेमेस्टर निघून जातात.

कारण कोणतेही असो, अर्जाच्या दृष्टीने ते संपलेले असणे महत्त्वाचे. कारण संपल्यानंतर पूर्ण भाराचे, म्हणजे साधारण १५ क्रेडिटांचे, दोन सेमेस्टर उत्तम गेले असतील तर ते संपले असे म्हणता येते. एका सेमेस्टरवरून असे म्हणता येत नाही, आणि दोन हलके विषय घेऊन मिळवलेल्या ४.० वरून तर मुळीच नाही. समितीतली मंडळी क्रेडिटांचा भार पाहतात, विषयापुढचे डब्ल्यू, म्हणजे मध्येच सोडलेले विषय, पाहतात, आणि उन्हाळ्यात एकेकटा घेतलेला अवघड विषयही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

कारण अजून चालू असेल, तर अर्ज बाजूला ठेवून ते आधी सोडवा. आईवडिलांना माझे कळकळीचे सांगणे आहे की मुलगा किंवा मुलगी स्वतःहून "मला अजून एक वर्ष लागेल" असे म्हणत असेल, तर त्यात आळस शोधू नका. स्वतःची तयारी अपुरी आहे हे ओळखून तसे सांगता येणे हा भावी डॉक्टरचा फार चांगला गुण आहे.

वर्षाचे वेळापत्रक उलटे मोजावे

ॲमकासचा अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो, मेच्या अखेरीस तो पाठवता येतो, आणि तपासलेले अर्ज शाळांकडे जूनच्या अखेरीपासून जाऊ लागतात. गर्दीच्या दिवसांत गुणपत्रिकांच्या तपासणीलाच महिना-दीड महिना जाऊ शकतो. त्यानंतर शाळा पुरवणी निबंध मागवतात, त्यांना सेकंडरी म्हणतात. ते दोन आठवड्यांत परत करावेत असा प्रघात आहे. ऑगस्टच्या सुमारास मुलाखती सुरू होतात आणि जागा जसजशा भरत जातात तसतसे उरलेल्यांना स्थान कमी राहते. म्हणून अंतिम मुदत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असली तरी कमी गुणांच्या अर्जदाराने ती मुदत आपल्यासाठी नाहीच, असे समजावे. ३.९ चा अर्ज सप्टेंबरमध्ये गेला तरी वाचला जाईल, ३.२ चा अर्ज जूनमध्ये गेला तर त्याला निवांतपणे वाचणारा माणूस मिळण्याची शक्यता अधिक. ऑगस्टमध्ये तयारी पूर्ण होत असेल, तर त्या वर्षाचा मोह सोडून पुढच्या जूनसाठी सगळे नीट तयार ठेवावे.

या वेळापत्रकात सगळ्यांत अधिक फसगत होते ती पुढच्या गुणांच्या भरवशावर अर्ज करताना. जूनमध्ये अर्ज पाठवला की वसंत सेमेस्टरपर्यंतचे गुण त्यात गोठतात. त्यानंतरच्या शरद सेमेस्टरमध्ये घेणार असलेले विषय अर्जात फक्त नावाने दिसतात, त्यांचे गुण जीपीएत येत नाहीत. काही शाळा डिसेंबरनंतर गुणांची माहिती देणारे पत्र स्वीकारतात, काही स्वीकारत नाहीत. आणि तोपर्यंत मुलाखतीचे बरेचसे निर्णय झालेले असतात. चौथ्या वर्षी छान गुण मिळवेन आणि मग ते दिसतील, अशा आशेने तिसऱ्या वर्षानंतर अर्ज केला, तर ते गुण ज्यांनी पाहायचे त्यांनी ते न पाहताच नकार दिलेला असतो.

अर्ली डिसिजन नावाचा एक मार्ग दिसतो, त्यात ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत एकाच शाळेला अर्ज करून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत निर्णयाची वाट पाहायची असते. कमी गुणांच्या विद्यार्थ्याने या वाटेला जाऊ नये. त्या शाळेने नाही म्हटले तर उरलेल्या शाळांना अर्ज करेपर्यंत उशीर झालेला असतो.

एमकॅट केव्हा द्यावी

एमकॅटचा गुणांक ४७२ ते ५२८ असतो, चार विभाग, प्रत्येकी ११८ ते १३२. परीक्षा जानेवारीत आणि पुढे वसंतापासून सप्टेंबरपर्यंत होते, निकाल साधारण एका महिन्याने येतो. एका वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच ती देता येते. नाव नोंदवून गैरहजर राहिले किंवा परीक्षा देऊन रद्द केली तरी तो एक प्रयत्न धरला जातो, आणि प्रत्यक्ष मिळालेले सगळे गुण शाळांना दिसतात.

कमी जीपीए असलेल्या विद्यार्थ्याला ही परीक्षा पहिल्याच प्रयत्नात चांगली जाणे फार गरजेचे आहे. एएएमसीचे अधिकृत सराव पेपर वेळ लावून सोडवावेत. शेवटच्या तिन्हींची सरासरी आपल्या उद्दिष्टाला पोचत नसेल तर तारीख पुढे ढकलावी, आणि त्यासाठी अर्जाचे वर्ष पुढे गेले तरी जाऊ द्यावे. एमडीसाठी जीपीए ३.३ च्या आसपास असताना निदान ५१२ च्या पुढे, आणि डीओसाठी ५०५ च्या पुढे लक्ष्य ठेवावे, असा माझा सल्ला असतो. गुण कितीही चांगले आले तरी ते घसरत्या गुणपत्रिकेला झाकत नाहीत. ते चढत्या गुणपत्रिकेला पाठबळ देतात.

पुष्कळ शाळा दोन ते तीन वर्षांपूर्वीपर्यंतचेच एमकॅट गुण चालवून घेतात. ज्यांना पदवीनंतर दोन वर्षे विषय घ्यायचे आहेत त्यांनी तिसऱ्या वर्षीच एमकॅट देऊन टाकली, तर अर्जाच्या वेळी ती शिळी होते. आधी विषय, मग परीक्षा, मग अर्ज, हा क्रम त्यांच्यासाठी बरा. आणि ज्यांनी एप्रिल-मेमध्ये परीक्षा दिली पण निकाल आलेला नाही, त्यांनी जूनच्या सुरुवातीला एकाच शाळेला अर्ज पाठवून गुणपत्रिकांची तपासणी सुरू करून घ्यावी, आणि निकाल पाहून उरलेल्या शाळा जोडाव्यात.

थांबायचे ठरले तर ते वर्ष कशासाठी

पदवीनंतर पदवीस्तरावरचे विषय राज्य विद्यापीठात सुटे घेतले, तर ते एकूण पदवीच्या जीपीएत मिळतात आणि तक्त्यात वेगळी ओळही मिळते. ज्यांचा आकडा ३.२ च्या खाली आहे त्यांना मी आधी हा मार्ग सुचवते, कारण तो स्वस्त आहे आणि नोकरी सांभाळून करता येतो. दुसरा मार्ग म्हणजे मेडिकल स्कूलांनी चालवलेले एक-दोन वर्षांचे विशेष मास्टर्स. त्यांचे गुण पदव्युत्तर ओळीत जातात, पदवीचा जीपीए तसाच राहतो. काही ठिकाणी त्याच मेडिकल स्कूलमध्ये ठरावीक गुणांवर मुलाखत नक्की मिळते, आणि ते खरोखर मोलाचे असते. पण इथे ३.८ मिळाले नाहीत, ३.३ मिळाले, तर डॉक्टरकीचा अभ्यास झेपत नाही हे तुम्हीच पैसे मोजून सिद्ध केल्यासारखे होते. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होत असून पदव्युत्तर अभ्यासाला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच आहे, हेही अशा महाग अभ्यासक्रमाआधी लक्षात घ्यावे.

याच काळात रुग्णांजवळ राहून काम करणे आवश्यक आहे. डॉक्टरांचे स्क्राइब म्हणजे लेखनिक, मेडिकल असिस्टंट, ईएमटी म्हणजे रुग्णवाहिकेवरचे मदतनीस, अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या हॉस्पिसमधले स्वयंसेवक, असे काहीही चालेल. ओळखीतल्या मराठी डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात चार शनिवार बसणे तेवढे पुरत नाही.

डीओबद्दल मराठी पालकांच्या मनात जी अढी असते ती सोडावी. डीओ डॉक्टरांना पन्नासही राज्यांत एमडीइतकेच अधिकार आहेत आणि २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणासाठी, निवडीची पद्धत एकच आहे. या शाळा चढती गुणपत्रिका मनापासून वाचतात आणि त्यांच्या मुदती उशिरापर्यंत असतात, त्यामुळे एमडीसाठी दोन वर्षे थांबावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला डीओसाठी कधीकधी एकच वर्ष पुरते. डॅलस-ह्यूस्टनकडच्या कुटुंबांनी टेक्सासचे रहिवासीपण जपावे. तिथल्या सरकारी मेडिकल स्कूलांत सुमारे ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांसाठी असतात.

नीट देऊन एनआरआय कोट्यातून भारतात जाणे किंवा कॅरिबियन बेटांवरच्या शाळेत लगेच प्रवेश घेणे हे पर्याय प्रत्येक घरात निघतातच. परत येऊन यूएसएमएलई ही डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा आणि रेसिडेन्सीची चढाओढ या दोन्ही मार्गांत आहे, आणि केवळ थांबावे लागू नये म्हणून ते निवडणे मला योग्य वाटत नाही.

एच-४ वर असलेल्या मुलांचे गणित वेगळे

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांची ग्रीन कार्डासाठी ताटकळलेली मुले एकविसाव्या वर्षी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसामधून बाहेर पडतात आणि त्यांना बहुधा एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा घ्यावा लागतो. ग्रीन कार्ड नसेल तर लहानपणापासून अमेरिकेत वाढलेली मुलगीही मेडिकल स्कूलच्या लेखी परदेशी विद्यार्थिनी ठरते. पुष्कळ सरकारी शाळा नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच घेतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांना घेणाऱ्या काही शाळा फीची रक्कम आधीच बाजूला ठेवल्याचा पुरावा मागतात. त्यात गुणही कमी असतील तर दार फारच अरुंद होते.

अशा विद्यार्थ्याने थांबण्याचे वर्ष व्हिसाच्या हिशेबाने आखावे. पदवीनंतरच्या ओपीटीचे, म्हणजे एफ-१ वर काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने असतात, विज्ञान शाखेच्या पदवीला त्यावर २४ महिने वाढवून मिळू शकतात, पण काम पदवीच्या विषयाशी जोडलेले असावे लागते. म्हणून प्रयोगशाळेतली संशोधन सहायकाची नोकरी इथे फार सोयीची पडते. ग्रीन कार्ड एक-दोन वर्षांत येण्याची खरी शक्यता असेल, तर त्यासाठी अर्ज पुढे ढकलणे बऱ्याचदा एका उत्तम सेमेस्टरपेक्षा अधिक लाभाचे ठरते. हे सगळे स्थलांतर कायद्याच्या वकिलाकडून तिसऱ्या वर्षीच तपासून घ्या.

थांबू नये अशी वेळ

तीन सेमेस्टर उत्तम गेले आहेत, एकूण ३.४५, एमकॅट ५१४, दोन वर्षे ईएमटी म्हणून काम झाले आहे, आणि तरीही आकडा ३.५ व्हावा म्हणून आणखी एक वर्ष मागे राहणे, असेही घडते. अशा विद्यार्थ्याने या जूनमध्ये अर्ज करावा. पुढच्या वर्षात अर्जात नेमके काय नवे येईल ते दोन ओळींत लिहिता येत नसेल, तर थांबण्याने काही मिळत नाही.

एरवी मात्र, नशीब आजमावून पाहू म्हणून केलेला अर्ज फुकट नसतो. ॲमकासला पहिल्या शाळेचे १७५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकीचे पन्नासेक डॉलर, वर सेकंडरीचे वेगळे, असे वीस शाळांचे तीन हजार डॉलर सहज होतात. उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबांना एएएमसीच्या शुल्क-साहाय्य योजनेत वीस शाळांपर्यंतचे ॲमकासचे शुल्क माफ होते, पण ती मंजुरी अर्ज पाठवण्याआधी घ्यावी लागते, भरलेले पैसे परत मिळत नाहीत. शिवाय दुसऱ्यांदा अर्ज केला की पुष्कळ शाळा सरळ विचारतात, गेल्या वेळेपेक्षा काय बदलले. पुढच्याच वर्षी पुन्हा तोच अर्ज नेऊन ठेवणाऱ्याकडे याचे उत्तर नसते.

निर्णय मार्चच्या अखेरपर्यंत लेखी करावा. कॉलेजच्या प्री-मेड सल्लागाराला भेटावे आणि तुमच्या जीपीएवर कॉलेजच्या समितीचे शिफारसपत्र मिळेल का, हे स्पष्ट विचारावे, कारण काही कॉलेजे ठरावीक गुणांखाली ते देत नाहीत. थांबायचे ठरले, तरी ज्या प्राध्यापकांच्या वर्गात तुमची प्रगती झाली त्यांच्याकडून पत्र याच उन्हाळ्यात मागावे, ते एखाद्या पत्रसाठवण सेवेत जमा करून ठेवावे, आणि पुढच्या वसंतात त्याच प्राध्यापकांना नवी गुणपत्रिका पाठवून पत्रावरची तारीख आणि मजकूर ताजा करण्याची विनंती करावी.